शेण कमी पडलं, तरी गॅस बंद पडायला नको
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भोर-वेल्ह्याकडून आलोय. मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, "भाताच्या मुलखातला माणूस आम्हा कापूस-ज्वारीवाल्यांना काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. आमच्या पश्चिमेला पाऊस धो धो पडतो, तुमच्याकडे ढग हुलकावणी देतो. पण एक दुखणं दोन्हीकडे सारखं आहे. गोठा रिकामा होत चाललाय आणि गोठ्याबरोबर गोबरगॅस बंद पडत चाललाय. त्याबद्दल बोलायला मी उभा आहे.

आधी माझी चूक सांगतो. शेतकीची पदवी घेऊन मी काही वर्षं एका कचेरीत नोकरी केली. मार्चअखेर इतकी गोबरगॅस संयंत्रं झालीच पाहिजेत, असं उद्दिष्ट यायचं. आम्ही ती करायचो. नारळ फुटायचा, शेगडी पेटायची, फोटो निघायचा, कागद वर जायचा. नोकरी सोडल्यावर त्याच वाड्या-वस्त्यांवरून पायी फिरलो, तेव्हा निम्म्याहून अधिक टाक्या मेलेल्या दिसल्या. एकीच्या कालवायच्या हौदात कोंबड्या बसलेल्या. गुंजवणी खोऱ्यातल्या एका वहिनींना विचारलं, "वहिनी, गॅस का गेला?" त्या म्हणाल्या, "गॅस नाही गेला दादा, बैल गेले. पोरगं पुण्याला, नांगरट ट्रॅक्टरने. एका गाईच्या शेणात टाकीचं पोट भरतं का? आणि जे शेण निघतं ते राबाला लागतं."

राब म्हणजे आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जमीन भाजतात, तो. तुमच्याकडे राब नाही, पण गोवऱ्या आहेत, उकिरडा आहे. शेणाला गिऱ्हाईकं पुष्कळ आणि शेण थोडं. आम्ही कचेरीवाल्यांनी मात्र प्रत्येक घरात चार-पाच जनावरं आहेत असं धरून टाक्या बांधल्या होत्या. दोन घनमीटरच्या टाकीला रोज 50 किलो शेण लागतं. आज कोरडवाहू शेतकऱ्याच्या दावणीला एवढं शेण कुठे आहे?

देहूच्या डॉक्टरांनी काय केलं

ही अडचण पुणे जिल्ह्यातच एका माणसाने सोडवली होती. ते शेतकी खात्याचे नव्हते, डॉक्टर होते. डॉ. श. वि. मापुसकर 1960 च्या सुमारास देहूच्या आरोग्य केंद्रात आले. रोज पेशंट यायचे ते जुलाब, जंत, कावीळ घेऊन. औषध द्यायचं, बरं करायचं, महिन्याने तोच माणूस पुन्हा दारात. रोग उघड्यावरच्या मैल्यातून येतोय, तो बंद केल्याशिवाय औषधाला अर्थ नाही, हे त्यांना कळून चुकलं. त्यांनी सरकारी नमुन्याचे संडास बांधून घेतले. पहिल्याच पावसात ते ढासळले. लोक चिडले. डॉक्टर खचले नाहीत. त्यांनी कोकणात जाऊन आप्पासाहेब पटवर्धनांचं काम पाहिलं.

आप्पासाहेबांचं नाव नव्या पोरांना माहीत नसेल. माणूस विद्वान, पण त्यांनी मैला सफाईचं काम स्वतःच्या हाताने केलं. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात हे काम आपल्याला करू द्यावं म्हणून त्यांनी उपोषण केलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास धरला. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी कमी खर्चाचे संडास, मैल्याचं खत आणि गॅस यांचे प्रयोग केले. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. मैला वाया जाऊ नये आणि तो कुणा माणसाच्या डोक्यावरच्या पाटीतूनही जाऊ नये.

मापुसकरांनी हा धागा पुढे नेला. संडास थेट गॅसच्या टाकीला जोडला. देहूत घरोघरी असे संडास झाले आणि संडासाच्या गॅसवर चुली पेटल्या. 2015 साली ते गेले. 2017 साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली.

शेगडीवर किती वेळ? हिशेब करू

आता हिशेब. आपल्याला कुणी भुलवू नये, म्हणून मी आकडे फुगवणार नाही.

एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला साधारण 25 ते 30 लिटर गॅस होतो. सहा माणसांच्या घरातून 150 लिटर धरा. तेवढ्यात दोन-तीन वेळचा चहा होईल, स्वयंपाक होणार नाही. म्हणजे "संडासावर सगळं घर शिजवा" असं कुणी सांगत असेल, तर त्याला टाकी बांधायच्या आधी हाकला.

एक किलो ताज्या शेणातून सुमारे 40 लिटर गॅस मिळतो. दोन जनावरांचं 20 किलो शेण धरलं, तर 800 लिटर. संडासाचे 150 मिळवले की झाले 950. एका माणसाच्या स्वयंपाकाला दिवसाला सुमारे 250 लिटर लागतो, म्हणजे सहा माणसांना 1,500. अजून 550 लिटरची तूट राहिली. ती कुठून भरायची?

इथे पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेचं काम उपयोगी पडतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. शेण म्हणजे गाईने सगळं सत्त्व काढून घेतलेला चोथा. त्या चोथ्यावर जगणारे जंतू खरं अन्न मिळालं तर कितीतरी जास्त गॅस देतील. त्यांनी खरकटं, पीठ, खराब धान्य, पेंड असं पिठूळ खाद्य छोट्या टाकीत घालून दाखवलं. दोन किलो पिठूळ खाद्यातून सुमारे अर्धा किलो मिथेन मिळतो आणि तोही एका दिवसात. शेणाला जिथे 40 दिवस लागतात, तिथे हे एका दिवसाचं काम. या कामाला 2006 साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

आता तुमच्या घरात बघा. खरिपाची ज्वारी पोटरीतून बाहेर पडून दाणा भरला आणि नेमका पाऊस लागला, की ती काळी पडते. बाजारात तिला कुणी विचारत नाही. फार बुरशी आलेली जनावरालाही घालवत नाही. ती काळी ज्वारी गॅसच्या जंतूंना पक्वान्न आहे. अर्धा किलो दळून, रात्रभर भिजवून सकाळी टाकीत गेली, तर अडीचशे-तीनशे लिटर गॅस वाढतो. म्हणजे एकूण बाराशेच्या आसपास. हा गॅस रोज अर्ध्या किलोहून थोड्या जास्त सिलिंडरच्या गॅसइतका भरतो. घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा. महिन्याला एक सिलिंडर वाचला, असा हा हिशेब आहे. ज्यांच्याकडे काळी ज्वारी नाही, त्यांनी गिरणीतलं खाली सांडलेलं पीठ, किडलेली डाळ, खरकटं, सडकी फळं वापरावी.

भाकरी आणि डाळ

गॅस का वाढतो, हे समजलं की टाकी आपल्या हातात येते. टाकीतले जंतू आपल्यासारखेच जेवतात. त्यांना भाकरीही लागते आणि डाळही. कर्ब म्हणजे भाकरी, नत्र म्हणजे डाळ. एका भागाला नत्र तर 20 ते 30 भाग कर्ब, असं ताट त्यांना मानवतं. शेणात हे प्रमाण जवळजवळ 25 असतं, म्हणून नुसत्या शेणावर टाकी निमूट चालते. मैल्यात ते 10 च्याही खाली असतं. म्हणजे ताटात नुसती डाळ. मैला एकटाच टाकला तर नत्र जास्त होऊन अमोनिया साठतो आणि जंतू मंदावतात. ज्वारीच्या ताटांत ते 60 च्या वर जातं. ती नुसती भाकरी. म्हणून मैला, शेण आणि पिठूळ खाद्य एकत्र आलं, की जेवण पुरं होतं.

पण तीन गोष्टींचा मोह टाळा. पऱ्हाटी टाकीत घालू नका. ती लाकूड आहे, जंतूंना फुटत नाही, बारीक केली तरी वर तरंगून साय धरते आणि गॅसची वाट अडवते. कडबा घालू नका, तो जनावरांचा आहे. गव्हाणीतलं उरलेलं चघाळ घालायचंच असेल तर बोटभर तुकडे करून, शेणात कालवून, दोन दिवस भिजवून आणि मूठभरच.

पिठूळ खाद्य एकदम वाढवू नका. पहिल्या आठवड्यात ओंजळभर, मग दर आठवड्याला थोडं वाढवत अर्ध्या किलोवर या. घाई केली तर टाकी आंबते. आंबट वास येतो, गॅस भरलेला दिसतो पण पेटत नाही, कारण त्यात मिथेन कमी आणि कर्बवायू जास्त असतो. असं झालं तर आठ-दहा दिवस पीठ बंद. शेजारच्या चालू टाकीतली दोन-चार बादल्या स्लरी आणून ओता, थोडी चुन्याची निवळी घाला आणि वाट बघा. बाजारात 'गॅस वाढवायची पावडर' विकायला कुणी आला, तर त्याला विचारा, "चालू टाकीतल्या फुकटच्या स्लरीत नाही असं तुझ्या पुडीत काय आहे?"

पाणी, फिनेल आणि थंडी

दुसरी गोष्ट पाण्याची. तुमच्याकडे पाणी नाही ही इथे सोयच आहे. 50 किलो शेण आणि 50 लिटर पाणी मिळून रोज 100 लिटर काला टाकीत जातो. टाकी 4,000 लिटरची, म्हणजे आज आत गेलेला काला 40 दिवसांनी बाहेर पडतो.  आता शहरी पद्धतीचा संडास बसवला आणि दर वेळी 10 लिटर पाणी सोडलं, सहा माणसं दिवसात दोन-दोनदा गेली, तर 120 लिटर जादा. मुदत 40 वरून 20 दिवसांच्याही खाली. काला अर्धा कच्चाच बाहेर, गॅस कमी, वास जास्त आणि रोगजंतूही जिवंत. म्हणून उतार जास्त असलेलं ग्रामीण भांडं बसवा, दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी टाकीत सोडू नका. शेण कालवताना संडासाचं पाणी धरून तेवढं पाणी कमी घ्या.

तिसरी गोष्ट फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर. पाहुणे येणार म्हणून सूनबाई संडास चकचकीत करते आणि दुसऱ्या दिवशी गॅस गायब. रोगजंतू मारायचं औषध गॅसचे जंतूही मारतं. भांडं राखेने किंवा नुसत्या ब्रशने घासा.

चौथी गोष्ट ऊब. हे जंतू 35 अंशाला जोमात असतात, 20 च्या खाली सुस्तावतात. वेल्ह्यात पौषात गॅस निम्म्यावर येतो. तेव्हा शेण सकाळी लवकर न कालवता ऊन आल्यावर कालवा, पाणी उन्हात तापवून घ्या, घुमटावर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. तुमच्याकडे उन्हाळा कडक, त्यामुळे आठ महिने तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान आहात.

खत: ही खरी कमाई

गॅसचं कौतुक झालं. आता ज्याच्यासाठी शेतकऱ्याने हे करावं, ते सांगतो.

कापसाची रुई म्हणजे हवा आणि पाणी. तिच्याबरोबर जमिनीतलं नत्र-स्फुरद फारसं जात नाही. ते जातं सरकीतून आणि ज्वारीच्या दाण्यातून. सरकी गिरणीत जाते, ज्वारी आपल्या आणि शहराच्या पोटात. पोटात गेलेलं नत्र शरीरात राहत नाही, बाहेर पडतं. एका माणसामागे वर्षाला तीन-चार किलो नत्र, त्यातलं बरंचसं लघवीत. सहा माणसांच्या घरातून साधारण 20 किलो. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यातही तेवढंच असतं. दर वर्षी एक पोतं आपण नाल्यात सोडतो आणि दुसरं दुकानातून विकत आणतो. आपल्या वाडवडिलांनी मैल्याच्या खताला 'सोनखत' म्हटलं ते उगाच नाही. टाकीत गॅस जातो तो कर्बाचा. नत्र, स्फुरद, पालाश बहुतेक सगळं स्लरीत राहतं.

पण सोनखत जपून वापरायचं. 40 दिवसांत बरेच रोगजंतू मरतात, जंतांची अंडी मात्र चिवट असतात. म्हणून संडासाची स्लरी थेट पिकाला देऊ नका. खड्ड्यात कचरा, तुराट्यांचा भुसा, पालापाचोळा यांच्या थरांवर ओता. ढीग चांगला तापला पाहिजे. वर मातीने झाका आणि हंगामभर ठेवा. मग नांगरटीआधी शेतात पसरून मातीआड करा. कोथिंबीर, मेथी, मुळा, टोमॅटो असं कच्चं खायचं काही त्यात लावू नका. इथे कापूस-ज्वारीवाला सगळ्यांत सुरक्षित आहे. कापूस कुणी खात नाही आणि भाकरी भाजल्याशिवाय ताटात येत नाही.

शहराचा गाळ

आता एक सावधगिरी. पानशेत आणि वरसगाव ही धरणं वेल्ह्यात आहेत. 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने ज्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, तोच हा तालुका. आमच्या डोंगरावरचं पाणी तिथून खडकवासल्याला आणि पुण्याला जातं. पुण्यातून ते सांडपाणी होऊन मुळा-मुठेत, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरतं. आमच्या खोऱ्यातलं स्वच्छ पाणी मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्याच्या शिवारापर्यंत जातं ते मध्ये शहर फिरून.

शहरं सांडपाणी शुद्ध करतात तेव्हा मागे गाळ उरतो. त्या गाळाचाही गॅस होतो आणि त्याच्यातही डाळ-भाकरीचाच नियम लागू आहे. नाशिक महापालिकेने जर्मनीच्या मदतीने 2017 साली रोज 30 टनांचा प्रकल्प सुरू केला, तो सार्वजनिक संडासांचा मैला आणि हॉटेलांचं खरकटं एकत्र करूनच. नुसत्या मैल्यावर भागत नाही, हे तिथल्या इंजिनिअरांनाही माहीत होतं.

पण शहराच्या गटारात कारखान्यांचं पाणीही मिसळतं. त्यातून शिसं, कॅडमियम, क्रोमियम गाळात येऊ शकतं. ते टाकीत मरत नाही, ढिगात कुजत नाही, जमिनीत बसतं. उद्या कुणी 'फुकट खत' म्हणून गाळाच्या ट्रॉल्या बांधावर ओतायला आला, तर आधी तपासणीचा दाखला मागा. दाखला नसेल तर ट्रॉली परत. आपल्या घरच्या टाकीत आपण खाल्लेलंच असतं, म्हणून ती बरी.

जीव आणि लाज

दोन गोष्टी सांगून संपवतो. पहिली जिवाची. टाकी उघडली, रिकामी दिसली, तरी आत उतरायचं नाही. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो, दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. साय फोडायची ती बाहेरून, लांब बांबूने. उपसा करायचा तो पंपाने. जवळ बिडी-काडी नको. पैसे देऊन दुसऱ्याला उतरवणं तर पापही आहे आणि 2013 च्या कायद्याने गुन्हाही.

दुसरी लाजेची. "त्या गॅसवर भाकरी? शी!" हे मी प्रत्येक गावात ऐकलंय. त्या गुंजवणीच्या वहिनींच्या सासूबाईही हेच म्हणाल्या. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई, एवढी वर्षं ओढ्याकाठी अंधारात आपण बसत होतो आणि त्याच ओढ्याचं पाणी पीत होतो, तेव्हा शी कुठे होती?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. टाकीला संडास जोडला. आता एक गाय, पाच माणसं आणि गिरणीतलं सांडलेलं पीठ यांवर त्यांचा सकाळचा सगळा स्वयंपाक होतो. संध्याकाळी अजून चूल पेटवावी लागते. पण डोंगरातून सरपणाची मोळी रोज आणायची ती आठवड्यातून दोनदा झाली.

शिळ्या समजुतीपायी आपण एका समाजाकडून पिढ्यान् पिढ्या मैला वाहून घेतला आणि आपली जमीन उपाशी ठेवली. बंद टाकीत कुणाचा हात लागत नाही, कुणाची पाटी लागत नाही.

आता काम. परत गेल्यावर आपापल्या गावातल्या बंद पडलेल्या टाक्या मोजा. नवीन बांधू नका, अनुदानाची वाटही बघू नका. बंदपैकी एक निवडा, जिच्या मालकिणीची तयारी आहे अशी. घुमटाला चीर आहे का पाहा, संडास जोडा, शेजारच्या टाकीतली स्लरी आणून विरजण लावा आणि रोज काय घातलं, शेगडी किती वेळ जळली ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या जिल्हा बैठकीला ते कॅलेंडर घेऊन या. चाललं तर कसं चाललं ते सांगा, बिघडलं तर कुठे बिघडलं ते सांगा. मीही वेल्ह्याची कॅलेंडरं घेऊन येईन. मग आकड्यांवर बोलू.